सहकुटुंब

आमच्या घराण्याला इतिहास नाही, ही गोष्ट मला गेल्या पावसाळ्यापर्यंत अजिबात लाजिरवाणी वाटत नव्हती. ज्यांना इतिहास असतो त्यांच्या भिंतीवर तलवारी असतात, आणि त्या कुणाला तरी पुसाव्या लागतात. आमच्या भिंतीवर एक कॅलेंडर, एक घड्याळ आणि जून ते सप्टेंबर ओलीने उमटलेले निरनिराळ्या देशांचे नकाशे. पुसायचं कामच नाही. असं सगळं सुखाचं चाललं असताना एका गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून नातीचा फोन आला.

“आजी, घराण्याचा इतिहास हवाय. दोन पानं. सोमवारी द्यायचाय.”

दोन किलो चकल्या सांगाव्यात तशा सुरात ती बोलली. मी म्हटलं, “कुणाच्या घराण्याचा?”

“आपल्या!”

“आपल्याला आहे का?”

“प्रत्येकाला असतो. आमच्या बाईंनी सांगितलंय.”

सातवीतल्या मुलीला बाईंनी सांगितलं म्हणजे ते वेदवाक्य. त्यापुढे आजीचं काय चालणार? पण फोन स्पीकरवर होता, आणि ओसरीवर आमचे हे पेपर वाचत होते. हे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. तीस वर्षं हरसूलच्या आणि आसपासच्या मुलांना त्यांनी सनावळ्या घोकायला लावल्या. निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांना इतिहासातला एकही प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी दिवसाकाठी दहा प्रश्न विचारते, पण ते सगळे ‘दूध आणलंत का’ या जातीचे. ‘घराण्याचा इतिहास’ हे शब्द कानी पडताच ह्यांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि घोड्यावर मांड टाकल्यासारखे खुर्चीत बसले.

“तिला सांग, काळजी करू नको म्हणावं. साधनांपासून सुरुवात करू.”

मला वाटलं, साधनं म्हणजे कागद, पेन. पण इतिहासात साधनं म्हणजे जुनी बाडं असतात हे मला माळ्यावर चढवल्यानंतर कळलं.

आता आमचं हरसूल तुम्हांला ठाऊक नसेल तर सांगते. त्र्यंबकेश्वराहून डोंगर उतरत, वळणं घेत पश्चिमेला जाऊ लागलं की झाडी दाट होते, फोनची रेंज विरळ होते, आणि आता पुढे गुजरात लागणार असं वाटू लागतं तेव्हा हरसूल लागतं. वस्ती बहुतेक आदिवासी: कोकणा, वारली, महादेव कोळी. शेतात भात, नागली, वरई, खुरासणी. पाऊस म्हणाल तर मोजू नये इतका. मी इथे आले तेव्हा हरसूल पेठ तालुक्यात होतं. पुढे त्र्यंबकेश्वर तालुका नवा झाला आणि आम्ही त्यात गेलो. म्हणजे चुलीपाशी बसल्या बसल्या, पाटसुद्धा न हलवता, माझा तालुका बदलला. बायकांना याची सवय असते. आपण जागच्या जागी असतो, भोवतालचे लोक आपला पत्ता बदलत असतात.

माळ्यावरून ह्यांनी टिपणवह्यांचा गठ्ठा उतरवला. १८८३ साली इंग्रजांनी छापलेल्या नाशिकच्या गॅझेटिअरातून तरुणपणी उतरवून घेतलेली ती टिपणं. मग शुक्रवारचा सारा दिवस माझ्या स्वयंपाकघरात १८५७ साल चालू राहिलं. मी भाजी चिरत होते आणि हे दारात उभे राहून सांगत होते.

“डिसेंबर १८५७. बंडवाल्यांनी हरसूलचा बाजार लुटला. आपला हाच बाजार! आणि पेठच्या राजघराण्यातले भगवंतराव, त्यांना इंग्रजांनी फासावर दिलं. लिहून घे.”

“आणि तेव्हा आपण कुठे होतो?”

“आपण म्हणजे?”

“आपलं घराणं. इतिहास आपला लिहायचाय ना?”

हे थोडे घुटमळले. “आपण तेव्हा संगमनेराकडे.”

“काय करत होतो?”

“काय करणार? जगत असू.”

पाहा, म्हणजे बाजार लुटला दुसऱ्यांनी, फाशी गेले तिसरेच, आणि घराणं आमचं! पण ह्यांच्या अंगात आता इतिहास भिनला होता. पेठच्या शेवटच्या बेगमेवर आल्यावर तर त्यांना भाजीत मीठ नाही हेसुद्धा कळलं नाही. ती बेगम १८७८ साली वारली आणि पेठ संस्थान इंग्रजी मुलखात जमा झालं. हे ऐकून मीच दचकले. कारण बरोबर शंभर वर्षांनी, १९७८ साली, लग्न होऊन मी ह्यांच्या घरात जमा झाले. दोन्ही विलीनीकरणांत एक साम्य आहे. जो विलीन होत होता त्याला कुणी फारसं विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी हे म्हणाले, “त्र्यंबकला जाऊ. उपाध्यायांकडे आपली वही असणार.”

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. कोणत्या गावचं, कोणत्या आडनावाचं कोण कधी यात्रेला आलं, त्याचा बाप कोण, आजा कोण, मुलगे किती, सगळं लाल कापडात बांधून ठेवलेलं. सरकारी कचेरीत स्वतःचा जन्मदाखला मिळायला चार खेपा होतात, आणि इथे गाव-आडनाव सांगितलं की पाचव्या मिनिटाला खापरपणजोबा हजर! मला त्या माणसांचं नेहमीच कौतुक वाटत आलं आहे.

गुरुजींनी लांबलचक वही मांडीवर घेतली, बोट फिरवत गेले आणि थांबले. निघाली की हो आमची सात पिढ्यांची वंशावळ! वरून खाली सगळे पुरुष. अमुक बिन तमुक, तमुक बिन फलाणे. ह्यांचा चेहरा असा उजळला की सात पिढ्यांची मंडळी समोर पंगतीला बसली आहेत आणि हे वाढायला निघाले आहेत. पणजोबांच्या हातचं मोडीतलं वळण ह्यांनी बोटाने गिरवून पाहिलं. माझेही डोळे जरा पाणावले. सर्वांत शेवटी ह्यांच्या वडिलांची यात्रा होती, आणि त्यापुढे लिहिलं होतं, ‘सहकुटुंब आले’.

“गुरुजी,” मी विचारलं, “यात कुटुंब कुठलं?”

“हे काय, सह-कुटुंब,” गुरुजी हसून म्हणाले.

काही पानांवर बायकांची नावं असतात, असंही ते म्हणाले. कुणी मुद्दाम सांगितलं तर लिहून घेतात. आमच्या मंडळींनी सात पिढ्यांत मुद्दाम सांगितलं नव्हतं, त्याला गुरुजी काय करणार? मी मनात हिशेब केला. सात पिढ्या, म्हणजे कमीत कमी सात बायका. बाळंतपणं, लोणची, सणवार, दुखणी, पाहुणे. आणि या सगळ्याची नोंद दोन अक्षरी: ‘सह’.

परत येताना एस.टी.त हे खुशीत होते. मी खिडकीतून डोंगर बघत होते. ह्यांनी विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही. मी आपली सह आहे.”

रात्री नातीला फोन लावला. आजोबांनी तिला १८५७ पासून सुरुवात करून दिली. पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, “आजोबा, हे पुस्तकात आहे. आजीला द्या. आजी, तू हरसूलला आलीस तेव्हा काय झालं ते सांग.”

आता माझं कसलं आलंय? तरी सांगितलं. १९७८ चा जून. एस.टी.तून उतरले तेव्हा इतका पाऊस होता की सासर दिसेना. हे छत्री घेऊन पुढे गेले आणि मी मागून एका भलत्याच छत्रीच्या पाठोपाठ पोस्टात जाऊन उभी राहिले. पोस्टमास्तरांनी आदराने खुर्ची दिली. अशा रीतीने माझा गृहप्रवेश टपालाने झाला.

मग नागलीची भाकरी. मी देशावरची, ज्वारीवर वाढलेली. नागलीची पहिली भाकरी तव्यावर टाकायला उचलली ती हातातच चार ठिकाणी फाटली. दुसरी परातीतून उठेचना. शेजारची म्हातारी दारातून बघत होती. ती आत आली, पाणी कढत करून पिठात ओतलं आणि म्हणाली, “बाई, नागलीवर जोर नाय करायचा. तिची समजूत काढायची.” पुढे दोन मुलं आणि एक नवरा मी याच एका सूत्रावर सांभाळले.

“आणि बाबांचं सांग ना, बोहाड्याचं!” नातीला ती गोष्ट पाठ आहे, तरी दर वेळी हवी असते.

आमच्या भागात बोहाडा होतो. रात्रभर देवादिकांची, राक्षसांची सोंगं मुखवटे लावून नाचत येतात. संबळ वाजतो, पलिते पेटतात. तिचा बाबा तेव्हा चार वर्षांचा. रावणाचा तो भलामोठा मुखवटा झुलत अंगावर आला तसा पोरगा असा काही किंचाळला की संबळवाल्याचा ताल चुकला. रावण थांबला. वाकला. मुखवटा जरा वर करून खालून एक ओळखीचा, घामाने निथळणारा चेहरा म्हणाला, “मास्तरीणबाई, पोराला सांगा, भिऊ नको. आणि गेल्या बाजारच्या वांग्यांचे दीड रुपये राह्यलेत.” तो आमचा भाजीवाला! लंकेचा राजा माझ्याकडे उधारी मागत होता, आणि मी पदराची गाठ सोडून सीतेसारखी थरथरत नाणी मोजत होते. मुलाची भीती तिथेच पळाली. पुढे कित्येक वर्षं तो बाजारात त्या माणसाला ‘रावणकाका’ म्हणायचा, आणि रावणकाका त्याला एक काकडी जास्त द्यायचे.

नात फोनवर खिदळत होती. म्हणाली, “हे मस्त आहे! हे लिहिते. आता फक्त तक्ता राहिला. बाईंनी रकाने दिलेत. आजोबांच्या आईचं नाव?”

“लक्ष्मी,” हे मागून म्हणाले.

“ते सासरचं झालं. शेवटचा रकाना आहे, ‘माहेरचे नाव’. पणजीचं माहेरचं नाव काय?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

“उद्या सांगतो,” हे म्हणाले आणि फोन ठेवला.

तुम्हांला सांगते, शहाजहानच्या चारही मुलांची नावं या माणसाला झोपेत विचारली तरी थोरल्यापासून धाकट्यापर्यंत क्रमवार सांगतील. पण स्वतःच्या आईचं लग्नाआधीचं नाव ह्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या वाड्यात सगळे तिला ‘वहिनी’ म्हणायचे, म्हणून हेही स्वतःच्या आईला वहिनीच म्हणत. मी त्यांना हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्या बाईंबरोबर मी अठरा वर्षं एका स्वयंपाकघरात काढली होती, आणि मलाही माहीत नव्हतं.

खरं म्हणजे, एकदा माहीत होता होता राहिलं होतं.

सासूबाई तशा कडक. साखर चमच्याने नव्हे, नजरेने मोजायच्या. पण पावसाळ्यात दिवे जायचे. हरसूलचे दिवे एकदा गेले की माहेरपणाला गेल्यासारखे आठ-आठ दिवस यायचे नाहीत. मग कंदिलाच्या उजेडात मी त्यांना वाचून दाखवायची. शाळेच्या वाचनालयातून ह्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणली होती. लक्ष्मीबाई काही परक्या नव्हेत, आमच्याच नाशिकच्या. नाशिकजवळ गोदाकाठी जलालपूर आहे, तिथे १८६८ साली त्यांचा जन्म. माहेरच्या गोखले. ह्यांचं ते १८५७ साल त्यांच्याही घरावरून गेलेलं. त्यांच्या आईच्या वडिलांना त्याच धामधुमीत फाशी झाली. पण तेवढ्यावर थांबल्या तर त्या लक्ष्मीबाई कसल्या? त्या वडिलांच्या भयंकर सोवळ्याचं सांगू लागतात. धुतल्याशिवाय वस्तू घरात यायची नाही, आणि सारं घर त्या ओल्या धाकाखाली. गॅझेटिअरात जे फाशीच्या दोरापाशी संपतं, ते घरात कसं पुढे चालू राहतं हे बाईमाणसालाच ठाऊक.

१८८० साली, अकरा-बारा वर्षांच्या असताना, त्यांचं नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक मोठे कवी, मनाने राजा, आणि संसाराला मुळीच उपयोगाचे नाहीत. राग आला की घर सोडून जायचं, पैसा हाती आला की दुसऱ्याला देऊन मोकळं व्हायचं. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि बाईंच्या पायांखालची जमीनच गेली. काही वर्षं ताटातूट, मग पुन्हा एकत्र, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तोही नवऱ्याने ओढलं म्हणून नव्हे, स्वतःच्या मनाला पटल्यावर. पुढे घरात किती परकी मुलं येऊन आपली झाली! ठोमरे नावाचा एक लाजरा मुलगा त्यांच्याकडे राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं. तेच आपले बालकवी.

इतकं सोसलेली बाई. दुसरी कुणी असती तर पानापानांतून आसवं टिपावी लागली असती. पण लक्ष्मीबाई हसतात. नवऱ्याला हसतात, सोवळ्याला हसतात, आणि सगळ्यांत जास्त स्वतःला. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. अक्षरओळख लग्नानंतरची. टिळक १९१९ साली गेले. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायला निघाला. त्याने आईला आठवणी लिहून मागितल्या, आणि आईने असं काही लिहिलं की पुढे ते तिचंच पुस्तक झालं. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग निघू लागले. १९३६ साली त्या गेल्या, तेव्हा त्या साऱ्या मराठी घरांच्या आजी झालेल्या होत्या.

आमच्या सासूबाई, ज्या मी कधी दात दाखवून हसलेल्या पाहिल्या नव्हत्या, त्या लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याचे पराक्रम ऐकून पदर तोंडात कोंबून हसायच्या. “पुरुष सगळे सारखेच गं,” असं म्हणून शेजारच्या खोलीकडे बोट दाखवायच्या. तिथे हे पेपर तपासत असायचे. बाहेर पाऊस, आत एक कंदील, आणि सासू-सुना मिळून घरच्या कर्त्या पुरुषाला हसताहेत. यापेक्षा मोठं सुख संसारात असतं असं मला वाटत नाही. असलं तर ते आमच्यापर्यंत पोचलेलं नाही.

एका रात्री वाचता वाचता मी सहज म्हटलं, “बघा ना, माहेरची मनकर्णिका, सगळे मनू म्हणायचे. लग्न झालं आणि लक्ष्मी झाली.”

सासूबाई हसायच्या थांबल्या. कंदिलाकडे बघत म्हणाल्या, “माझं पण बदललं. माझं चांगलं होतं.”

मी विचारणार होते, ‘काय होतं?’ शब्द अगदी ओठांवर होते. तेवढ्यात चुलीवर दूध उतू गेलं. मी उठून धावले. परत येईपर्यंत त्या अंथरुणावर पडल्या होत्या. उद्या विचारू, असं म्हटलं. आणि संसारातला उद्या तुम्हांला ठाऊकच आहे. दळण निघालं, मुलाला गोवर आला, परीक्षा आल्या. १९९६ साली सासूबाई गेल्या. पाव लिटर दुधापायी एका बाईचं नाव गेलं.

त्या शनिवारी रात्री आम्हां दोघांनाही झोप आली नाही. रविवारी सकाळपासून ह्यांनी फोन लावायला सुरुवात केली. त्यांचे मामा केव्हाच गेलेले. थोरली बहीण नाही. संगमनेरच्या एका आतेभावाला विचारलं, तो म्हणाला, “वहिनीच की!” सासूबाईंची एक भाची नगरला असते, ती म्हणाली, “आम्ही त्यांना अक्काआत्या म्हणायचो.” ज्याला विचारावं तो नातं सांगे, नाव कुणालाच येत नव्हतं. म्हणजे ती बाई आयुष्यभर कुणाची वहिनी, कुणाची अक्का, कुणाची आत्या होती. स्वतःची म्हणून कोण होती, त्याचा पत्ता नाही.

दुपारी हे ओसरीवर बसून राहिले. मी चहा नेऊन दिला. म्हणाले, “तीस वर्षं मुलांना सांगत आलो, इतिहासाची साधनं जपा. माझं साधन स्वयंपाकघरात बसून तांदूळ निवडत होतं, आणि मी त्याला फक्त ‘जेवायला वाढ’ म्हणालो.”

मी काही बोलले नाही. पण मनात आलंच. लक्ष्मीबाईंच्या मागे आठवणी लिहून मागणारा मुलगा होता. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी तर निरक्षर. जात्यावर, शेतात गाणी रचायच्या. त्यांच्या सोपानदेवांनी ती टिपून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली पुस्तक निघालं. दोन्हीकडे आईचं बोलणं ऐकायला मुलगा थांबला, एवढंच. बाकीच्या आया काही कमी बोलत नव्हत्या हो! ऐकणारे घाईत होते. ह्यांत मी सुनांनाही धरते. स्वतःला आधी.

रात्री पाऊस वाढला. आमच्या माजघरात एका ठरावीक जागी गळतं. घरावर पत्रे घातले, कौलं बदलली, पण ते गळणं घराण्याचं असावं तसं टिकून आहे. त्याच्याखाली दर पावसाळ्यात एक काळं तपेलं ठेवायचं, ही आमची परंपरा. ते तपेलं सासूबाईंचं. एके काळी त्यात अंघोळीचं पाणी तापायचं, म्हणून बुडापासून काठापर्यंत काजळी. घरात स्टील आलं तेव्हा मोडीत घालायला काढलं होतं, तर सासूबाई म्हणाल्या, “असू दे. गळतीखाली ठेवायला होईल.” तेव्हापासून ते त्याच नोकरीवर.

दिवे गेलेले होतेच. अकराच्या सुमारास तपेलं भरलं का बघायला हे बॅटरी घेऊन उठले. मी अंथरुणातून ऐकत होते. बराच वेळ काही हालचाल नाही. मग हाक आली, “अगं, जरा चिंच आण.”

मला वाटलं, ह्यांना पित्त झालं. जाऊन बघते तर हे जमिनीवर पालथे पडलेले, बॅटरी तिरपी धरलेली, आणि तपेल्याच्या काठाला नाक लावलेलं. इतक्या वर्षांच्या पावसाच्या शिंतोड्यांनी काठाखालची काजळी एका जागी धुऊन निघाली होती, आणि तिथे बारीक बारीक टिंबं चमकत होती. पूर्वी भांड्यांवर टिंबाटिंबांनी नाव घालत ना, तशी.

मग रात्री अकरा वाजता आमच्या माजघरात उत्खनन सुरू झालं. मी चिंच आणि मीठ लावून घासते आहे, हे “हळू, हळू, अक्षर जाईल” म्हणून ओरडताहेत. जन्मात पहिल्यांदा हा माणूस भांडी घासताना माझ्याशेजारी बसला, म्हणून ती तारीखही मी इतिहासात जमा करून टाकली आहे. काजळी सुटत गेली, खालून पिवळं पितळ वर आलं, आणि एकेक अक्षर उमटू लागलं. आधी निघालं, ‘शके १८६०’. हे लगेच म्हणाले, “अधिक अठ्ठ्याहत्तर. १९३८! लग्नाचं साल.” मग ‘चि. सौ. कां.’ मग शेवटाला ‘हीस आईकडून’. आणि मधे चार अक्षरं.

एका नदीचं नाव. इथून जवळच, त्र्यंबकच्या डोंगरावर ती उगम पावते. तुम्ही ओळखलंच असेल.

ह्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं. मग एकदा हळू वाचलं. पंच्याहत्तरीला आलेल्या माणसाला आईचं नाव पहिल्यांदा घेताना मी पाहिलं. माझ्या हाताला चिंच लागलेली होती, नाहीतर मी त्यांचे डोळे पुसले असते. शेवटी त्यांनीच पुसले, आणि म्हणाले, “पाणी गळतंय गं इथे, तपेलं उचललंय ना आपण.” जमिनीवर खरोखरच तळं झालं होतं.

मला मात्र राहून राहून ते ‘आईकडून’ दिसत होतं. म्हणजे लेकीचं नाव सासरी बदलणार हे त्या माउलीला ठाऊक होतं. कागदावर कुणी लिहून ठेवणार नाही, हेही ठाऊक असेल. म्हणून तिने ते अशा ठिकाणी घातलं की जिथे लेकीचा हात रोज लागेल. आणि लेकीने ते तपेलं मोडीत जाऊ दिलं नाही. गळतीखाली ठेवायला होईल, म्हणाली! बायका आपली दौलत कुठे आणि कोणत्या सबबीखाली ठेवतात, याचा थांग लागणं कठीण.

सोमवारी सकाळी सहाला पुण्याला फोन केला. रकाना भरला. नातीने वंशावळीच्या तक्त्यात प्रत्येक पुरुषाशेजारी एक चौकट काढली. सापडली तेवढी नावं घातली, नाही सापडली तिथे चौकट रिकामी ठेवली. सहा चौकटी रिकाम्या राहिल्या. दोन पानांची साडेतीन पानं झाली, त्यातलं एक नुसतं रावणकाकांचं. १८५७ ला एक ओळ मिळाली. बाईंनी दहांपैकी सात गुण दिले आणि शेरा लिहिला, ‘मुद्देसूद नाही. पण मी आज घरी जाऊन आईला तिच्या आईचं नाव विचारलं.’

ह्यांना गुण कमी वाटले. मला सातात आनंद आहे, संसारात इतके कुणाला पडतात?

ते तपेलं आता घासूनपुसून ओसरीवरच्या कपाटात, ह्यांच्या टिपणवह्यांशेजारी आहे. मग गळतीखाली काय ठेवायचं, हा प्रश्न आला. मी एक नवं स्टीलचं पातेलं घेतलं आणि बाजाराच्या दिवशी भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे नेलं. आता तो यंत्राने घालतो, घुर्रघुर्र करत, आणि अक्षरावर पैसे घेतो. हे बरोबर होतेच.

“कुणाचं नाव घालायचं?” त्याने विचारलं.

मी माझं नाव सांगितलं. लग्नाआधीचं. आडनावासकट.

हे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्या माणसाला म्हणाले, “खाली लिहा, ‘सहकुटुंब’.” आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

पाच अक्षरांचे पैसे जास्त पडले. ते मात्र मी त्यांच्याकडून घेतले.